नऊ परस

विजयमालाच्या काही सवयी मला पाठ आहेत.

बोरमधून ओढून काढलेल्या पाइपला ती आधी गाल लावायची. मग हात.

खडूचा तुकडा अंबाड्यात खोवायची आणि दिवसभर तो शोधत फिरायची.

तांब्याची तार दाताने तोडायची, पण सासू बघत नसेल तेव्हाच.

कामाला बसण्याआधी पदर कमरेला खोचायची. आधीच खोचलेला असला तरी काढून पुन्हा खोचायची.

विहिरीत डोकावण्याआधी एक खडा टाकायची आणि डोळे मिटून ऐकायची.

नवऱ्याशी फोनवर बोलताना पायाच्या अंगठ्याने मातीत वायरिंगच्या रेघा काढायची. बोलणं संपलं की पुसून टाकायची.

कुणी ‘अंदाजे’ म्हणालं की हातातलं काम थांबवायची. “अंदाज नगं. माप दावा.”

मला ती राजी म्हणायची. चिडली की एम.ए.

हे मी लिहून ठेवते आहे, कारण रोज एखादी सवय विसरेन अशी भीती वाटते. मृग लागून आठ दिवस झाले. दुपारी अजून त्रेचाळीस असतं. दुपार झाली की माझे हात गार पडतात.

ती मोटारी भरायची. म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून नवी गुंडाळायची. जिंतूरला आयटीआय केलं होतं, वर्गात एकटी मुलगी. लग्न करून झरीच्या पुढे आमच्या वस्तीवर आली ती मेंढपाळाच्या घरात. नवरा येडबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचा तो मृगाच्या तोंडावर परत यायचा. घरात ती आणि सासू, म्हाळसाबाई. त्यांची आणि आमची भिंत एक. मी परभणीला मराठीत एम.ए. करून दोन वर्षांपूर्वी घरी आले. नोकरी नाही. माझा दिवस तिच्या ओट्यावर जायचा. मी तिला वैनी म्हणायचे.

शेजारच्या आखाड्यावरचे, म्हणजे शेतातल्या घरातले, दत्तराव पहिल्यांदा मोटार घेऊन आले तेव्हा दारातच थांबले होते.

“बाई, गडीमाणूस न्हाई का घरात?”

“हाय की मामा. मेंढरामागं हाय. मोटार मेंढराची हाय का पाण्याची?”

दत्तराव हसले नाहीत. पण मोटार ठेवून गेले. ती पुन्हा जळाली नाही.

सगळं सुरू झालं ते डिसेंबरात. आमच्याकडे उन्हाळा जाळतो तशी थंडीही फोडते. त्या आठवड्यात पारा पाचावर होता. त्यांच्या घरामागे जुनी विहीर आहे. पाणी मचूळ. कुणी पीत नाही, पिकाला चालत नाही. पडून होती. सकाळी तिच्यातून वाफ निघायची.

वैनीने पोहरा ओढला आणि त्यात थर्मामीटर बुडवला. तो कोंबड्यांच्या एका बंद पडलेल्या शेडमधून मागून आणलेला. त्याला ती ‘मास्तर’ म्हणायची.

“सव्वीस,” ती म्हणाली. “राजी, वर पाच आन खाली सव्वीस. मे मधी मापलं तवा वर पंचेचाळीस आन खाली सत्तावीस. जमिनीला हिवाळा-उन्हाळा कळतच न्हाई बघ.”

“मग?”

“मंग तिच्याकडून घ्यायचं. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. पाणी न्हाई घ्यायचं. पाण्यातली ऊब तेवढी काढून घ्यायची, पाणी परत सोडायचं. तिचं काय जातंय?”

त्याच आठवड्यात तिने घरी मागे ठेवलेल्या कोकरांच्या खोपीत वीतभर खोल पाइप पुरला. विहिरीतलं पाणी एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने परत विहिरीत. म्हाळसाबाईने जमिनीला हात लावून पाहिला.

“अगं माय, भुईला ताप आलाय का?”

आदल्या हिवाळ्यात सात कोकरं गारठून गेली होती. या वेळी एकही गेलं नाही.

पण तिच्या डोक्यात कोकरं नव्हती. सासू होती.

गेल्या मे महिन्यात म्हाळसाबाई दुपारी कडब्याजवळ पडली. अंग तापलेलं आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. डोळे उघडे, पण ओळख नाही. परभणीला नेलं. चौथ्या दिवशी बोलली. डॉक्टर आम्हा दोघींना बाहेर घेऊन गेले. म्हणाले, पुन्हा असं झालं तर यांना सोसणार नाही.

“पुन्हा म्हंजी किती डिग्रीला?” वैनीने विचारलं.

“असं माप नसतं, बाई.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती पुटपुटली, “माप असतंय.”

मग तिने स्वतःच ठरवलं. खोली तेहतीसच्या वर जाऊ द्यायची नाही. सासूला या उन्हाळ्यातून जिवंत पार न्यायचं. तिला बाकी काही नको होतं. कूलर घ्या, असं मी म्हणाले होते. कूलर दिवसाला शंभर लिटर पाणी उडवतो. आमच्याकडे मे महिन्यात रोज घरटी चार घागरी येतात.

झरीच्या गॅरेजवाल्या धम्मानंदने जुन्या ट्रॅक्टरचा रेडिएटर दिला आणि खिडकीच्या जागी भिंतीत बसवून दिला. मागे पंखा. विहिरीतलं पाणी लहान मोटारीने वर यायचं, रेडिएटरच्या नळ्यांतून फिरायचं आणि दुसऱ्या पाइपने परत विहिरीत पडायचं. पंखा त्या गार नळ्यांमधून हवा आत ढकलायचा. पाण्याचा थेंब कमी होत नव्हता. दुपारचं ऊन आत शिरू नये म्हणून तिने विहिरीवर पत्रे टाकले, पत्र्यांवर ताडपत्री.

मोटार कुठे टांगायची हा प्रश्न होता. ती पाण्याखाली राहायला हवी आणि गाळाच्या वर. विहीर किती खोल, ते कुणालाच माहीत नव्हतं. एप्रिलची सकाळ होती. वैनीने दोरीला लोखंडी वजन बांधून आत सोडलं. पाणी एकतीस फुटांवर लागलं. वजन त्रेचाळीसला थांबलं.

“बाराच फूट पाणी,” ती म्हणाली. “मे काढंल का न्हाई कुणाला ठाऊक.”

म्हाळसाबाई बाजेवर लोकर निवडत होती.

“आगं, कपारीत अडकलं असंल तुझं लोखंड. इहीर नऊ परस हाय. म्या मापलीय.”

“तुमी कवा मापली, आत्याबाई?”

“इहीर पुरी झाली तवा. लग्नाला सा म्हैने झाले व्हते. नारळ फोडायला आमा बायांना दोर बांधून खाली सोडलं व्हतं. वर आल्यावर तळापस्नं काठापस्तोरचा दोर म्याच मापला. नऊ परस. खोटं बोलायलीय का मी?”

वैनी माझ्याकडे वळली. “एम.ए., परस म्हंजी किती?”

मला आनंद झाला होता. ते मला आठवतं. जुना शब्द, आणि कुणीतरी मला त्याचा अर्थ विचारत होतं. मी सांगितलं. पुरुष या शब्दावरून परस. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. सात फूट धरतात. नऊ साते त्रेसष्ट.

“त्रेसष्ट?” वैनी दोरीकडे बघत राहिली. “दोरी त्रेचाळीस म्हनायलीय.”

“कपार असेल,” मी म्हणाले. “जुन्या विहिरी खाली अरुंद करत नेतात. आजी तिथं होत्या, वैनी. त्यांना माहीत असणार.”

तिने दोरी गुंडाळून ठेवली. मग अंबाड्यातला खडू काढून भिंतीवर ‘६३’ लिहिलं. आयुष्यभर मापावर चाललेल्या बाईने त्या दिवशी शब्दावर विश्वास ठेवला. तो शब्द मी फोडून दिला होता.

मोटार अडतीस फुटांवर टांगली.

खोली चालली. बाहेर चव्वेचाळीस, आत एकतीस. मास्तर भिंतीवर टांगलेला. दहा दिवसांत वस्तीवरच्या म्हाताऱ्या दुपारी तिथे यायला लागल्या. दत्तरावांची आई धुरपताबाई सगळ्यांत आधी. अकरा वाजता दार लागायचं आणि पाचला उघडायचं.

“धुरपे, सरक तिकडं. हवा तुझ्या लेकाच्या बोरची न्हाई.”

“तुझ्या सुनंची हाय म्हनून लय मिरवू नगं म्हाळसे. वास तर मेंढराचाच यायलाय.”

“मंग जा की मोसंबीच्या बागंत. कामून बसलीस हितं?”

“तुझं तोंड बघाया.”

वैनी बाहेर मोटार भरता भरता ऐकायची आणि गालात हसायची.

भीती मला पहिल्यांदा मेच्या पहिल्या आठवड्यात वाटली. वैनी रोज सकाळी पत्रा सरकवून पाणी मोजायची आणि मी वहीत लिहायचे. चौतीस. साडेचौतीस. पस्तीस. खडा टाकला की आवाज उशिरा यायला लागला. आम्ही थेंबही घेत नव्हतो, तरी पाणी उतरत होतं.

दत्तरावांच्या दोन बोर तीनशे पावलांवर. मोसंबीची बाग. लाईट असेपर्यंत दोन्ही चालायच्या. वैनी त्यांच्याकडे गेली. मी सोबत होते.

“मामा, जमिनीखाली कुंपन न्हाई. तुमच्या दोन्ही बोर सुरू झाल्या की माझी इहीर चार बोटं खाली जातीय. दुपारी एक तरी बंद ठिवा. तुमचीच आई बसतीय तिथं.”

“आन बाग वाळू देऊ? पाच वर्षाची झाडं हायत, बाई.”

“झाडं झाकता येत्यात. आळ्यात पाचट घाला, पाणी कमी लागंल. म्हाताऱ्यांना पाचट घालून भागत न्हाई.”

दत्तराव वाईट माणूस नाहीत. दोन दिवस त्यांनी एक बोर बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी पानं गळाली आणि त्यांनी ती सुरू केली.

वैनी मला म्हणाली, “जाऊ दे. कपारीखाली वीस फूट पाणी हाय. मोटार खाली सोडू.”

ते वीस फूट आम्ही दोघी रोज मनात मोजायचो. झोप त्यावर लागायची.

सतरा मेला सोमवार होता. दुपारी रेडिएटरमधून गुरगुर आली. मोटार हवा ओढत होती. वैनीने पाइपला जोड दिला आणि मोटार आणखी खाली सोडली. पाच फूट गेल्यावर दोर सैल पडला. खाली काहीतरी टेकलं होतं. पाणी आलं, पण गढूळ.

“बसली कपारीवर,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

संध्याकाळी ओट्यावर ती अचानक म्हणाली, “राजी, परस कोन्या मानसाचा?”

“म्हणजे?”

“तू सात फूट म्हनलीस. कोन्या मानसाचे सात? हाफिसातल्या का वावरातल्या?”

मग तिने मला भिंतीला टेकून उभं केलं. टाचेशी रेघ मारली. हात वर करायला लावला. बोटाच्या टोकाशी दुसरी रेघ. सहा फूट आठ. मग तिने माझ्या हातात खडू दिला आणि स्वतः उभी राहिली. पदर खांद्यावरून घसरला. तिने तो दाताखाली धरला आणि हात वर केला. सहा फूट सहा.

तिने हिशेब केला. “अर्धा फूट फरक. नवानं गुनलं तर साडेचार. वीस फुटाचा फरक पडत न्हाई.”

“नाही पडत,” मी म्हणाले.

“तरी आत्याबाईचं बी घेऊ.”

आत डोकावून आली. म्हाळसाबाई झोपली होती.

“उद्या.”

मंगळवारी साडेदहाला मोटार बंद पडली. गाळाने चोंदली होती. आम्ही दोघींनी दोर ओढला. हलेना.

खोलीत अकरा बाया होत्या. पंखा चालू होता, पण आता तो बाहेरची हवा आत ढकलत होता. वैनीने मास्तर बघितला. तेहतीस. अर्ध्या तासाने चौतीस. बाराला छत्तीस. बाहेर पंचेचाळीस. परभणीला न्यायला वस्तीवर गाडी नव्हती. दत्तराव टेम्पो घेऊन वालूरला गेले होते, त्यांना फोन केला तर म्हणाले निघालोच. उघड्यावर कुठे न्यायचं तर लिंबाखालीसुद्धा जमीन भाजत होती.

धुरपताबाई म्हणाली, “म्हाळसे, आज गप कामून गं? शिव्या संपल्या का?”

म्हाळसाबाईने उत्तर दिलं नाही. भिंतीकडे बघत होती.

वैनीने तिच्या मानेला हात लावला. मग पोटाला. हात कोरडा निघाला. तिने माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षीचा कडबा आम्हा दोघींना एकदमच दिसला.

“वल्या फडक्यानं पुसत ऱ्हावा,” ती धुरपताबाईला म्हणाली. “डोस्कं, मान, काखा. थांबू नगा. दार लावून घ्या, झळ येतीय.”

बाहेर येऊन तिने पदर काढून पुन्हा खोचला.

“मी उतरते. कपारीतून सोडवली की मोटार खाली जाईल. पंधरा मिन्टाचं काम.”

“दत्तराव काका येऊ देत.”

“तवर आत्याबाई न्हाई टिकत, राजी.”

तिने पत्रा सरकवला. कंदील पेटवून दोरीने आत सोडला. आधी ज्योत, मग माणूस, ही तिची रीत होती. कंदील पाण्यापर्यंत जळत गेला. आम्ही दोघींनी बघितलं. हवा ठीक होती. मग कमरेला दोर बांधला, दुसरं टोक लिंबाला. भिंतीतल्या लोखंडी कड्या धरून ती उतरली. मी दोर सैल सोडत होते. तिच्या बांगड्या कड्यांना लागून वाजत होत्या. मी ते आवाज मोजत होते.

पाण्यात उतरल्याचा आवाज आला.

“राजी!”

“हं!”

“छातीइतकंच पाणी हाय.”

मला कळलं नाही.

“कपार न्हाई गं. पायाला गाळ लागलाय. तळ हाय ह्यो.” ती हसली की काय, मला समजलं नाही. विहिरीत आवाज बदलतो. “दोरीचं माप बरोबर होतं, राजी.”

“वर या, वैनी.”

“आले. मोटार तेवढी उपसते. गाळात रुतलीय.”

मग पाण्याचे बुडबुडे ऐकू आले. खूप. खालून सडका वास आला, अंड्यासारखा. महिनाभर झाकलेली विहीर, कित्येक वर्षांचा गाळ. तो तिने पायाने आणि हाताने ढवळला होता. कंदील विझला. तो तिच्या आधी विझला की नंतर, हे मी रोज आठवते. मला सांगता येत नाही.

“वैनी!”

खोकला. एकदा. बांगड्या एकदा वाजल्या.

मी दोर ओढला. ओला दोर, पाण्यात सैल पडलेलं माणूस. एक हातभर वर आला आणि परत गेला. माझ्या तळव्यांची सालं निघाली. मी ओरडले. पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारी वस्तीवर कुणी बाहेर नव्हतं. सगळे त्या खोलीत होते आणि खोलीचं दार बंद होतं आणि पंखा गरगरत होता. दोर सोडला तर ती पूर्ण बुडेल. धरून ठेवला तर कुणी येणार नाही. मी किती वेळ तशीच उभी होते मला माहीत नाही. मग दोराला लिंबाच्या बुंध्याभोवती दोन वेढे दिले आणि धावले.

दार ठोठावलं. आतून धुरपताबाईने विचारलं, “कोन हाय? झळ येतीय, लवकर ये.”

त्याच वेळी दत्तराव टेम्पोतून उतरले. सोबत दोन माणसं. तिघांनी दोर धरला. एक जण कड्या धरून उतरायला निघाला.

“कुनी उतरायचं न्हाई!”

दारात म्हाळसाबाई उभी होती. दोन बायांनी धरलेली, ओल्या फडक्यांनी निथळत. कशी उठली ते कुणाला कळलं नाही.

“जो उतरंल तो ऱ्हाईल तिथंच. वरून वढा.”

त्यांनी वरून ओढलं. नंतरचं मला सलग आठवत नाही. अंगण आठवतं. ओला पदर आठवतो, कमरेला खोचलेलाच. टेम्पोत दोघींना घातलं, सून आणि सासू. परभणीच्या दवाखान्यातून सासू परत आली.

येडबा जिंतूरच्या डोंगराकडे होता. तो रात्रभर चालून आणि मिळेल त्या गाडीने आला. दत्तरावांनी बुधवारीच स्वतः आपल्या बोरचा पाइप आणून रेडिएटरला जोडला. परतीचं पाणी त्याच विहिरीत सोडलं. दुपारी बागेचं पाणी बंद केलं. आळ्यांत पाचट घातलं. मला कुणी काही विचारलं नाही. खोली पुन्हा एकतीसवर आली. म्हाताऱ्या पुन्हा तिथे बसतात. बोलत नाहीत फारशा. विहिरीचं पाणी चार फूट वर आलं आहे. मी मोजते. पत्रा सरकवते, वजन सोडते, लिहिते. वास आला तर पळते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी येडबा ओट्यावर बसला होता. मेंढरं परत आली होती. त्याने विहिरीकडे बघत मला विचारलं, “खोल किती हाय ती?”

“त्रेचाळीस फूट.”

“आई तर नऊ परस म्हनायची.”

“नऊच हाय,” म्हाळसाबाई बाजेवरून म्हणाली. “म्या मापलीय.”

मी विचारू नये असं मला वाटत होतं. तरी विचारलं.

“कशी मापली होती, आजी?”

ती उठली. भिंतीला लावलेला दोर घेतला. एक टोक टाचेखाली दाबलं. दोर पाठीवरून वर नेला आणि डोक्यावर हात ठेवून थांबवला.

“अशी.”

“हात?”

“कोन्ता हात?”

“परस हात वर करून मापतात ना?”

“गडी मापत्यात हात वर करून. बाईनं हात वर केला तर पदर न्हाई का पडायचा? सासरा व्हता, जाऊ व्हती, समदी वस्ती व्हती काठावर. बाईचा परस डोस्क्यापस्तोर.” तिने दोर खाली टाकला. “कामून? तुमच्या पुस्तकात न्हाई का?”

“नाही,” मी म्हणाले.

ती माझ्या कानाच्या पाळीला लागते. चार फूट नऊ इंच असेल. मी मनात गुणलं. थांबवता आलं नाही. बेचाळीस फूट नऊ इंच. दोरी त्रेचाळीसला थांबली होती.

येडबाने विचारलं, “काय झालं?”

मी काही नाही म्हणाले. म्हाळसाबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत काही होतं की नव्हतं, मला ठरवता येत नाही. ती उद्या हिशेब मांडेल, कधीतरी मांडेल, अशी मला भीती वाटते. ती नऊ वेळा तो दोर अंगाला लावून बघेल. किंवा मी एक दिवस सगळं बोलून टाकेन. यांपैकी कशाला जास्त भ्यायचं ते कळत नाही.

ओट्याच्या भिंतीवर खडू अजून आहे. कुणी सारवलं नाही. ‘६३’ आहे. त्याच्या शेजारी खाली टाचेची रेघ, वर माझी रेघ, तिच्याजवळ ‘राजी’. पुढे वैनीची रेघ, जरा खाली, ‘मी’. त्याच्या पुढे तिने टाचेची तिसरी रेघ मारून ठेवली आहे. तिच्यावर ‘आत्याबाई’ लिहिलं आहे. वरची रेघ मारायची राहिली आहे.